टेक्स्ट एडिटरमध्ये हेल्प स्क्रीनचे शॉर्टकट कसे ठेवावेत? (अडकलेल्या माणसाला सुचतील असे)

टॅबकीस्पेस

नमस्कार मंडळी. बरेच दिवस फावल्या वेळात एक छोटा टेक्स्ट एडिटर लिहितोय, टर्मिनलमध्येही (म्हणजे नुसत्या मजकुराच्या कमांड-खिडकीत) चालतो आणि स्वतःच्या विंडोतही. उघडणं, सेव्ह करणं, शोधणं-बदलणं, अनडू, सगळं मार्गी लागलं, आता घोडं पेंड खातंय ते हेल्पपाशी.

हेल्पचे पाच स्क्रीन केलेत. पूर्ण मॅन्युअल, सगळ्या शॉर्टकटची यादी, 'ही की काय करते' सांगणारा, त्याच्या उलटा म्हणजे 'हे काम कुठल्या कीवर आहे' सांगणारा, आणि आत्ता ज्या मोडमध्ये (म्हणजे एडिटरच्या ज्या अवस्थेत) आहोत तेवढ्यापुरती माहिती देणारा. एफ१ ते एफ५ असे ओळीने लावून टाकले. मला पाठ आहेत कारण मीच लावलेत. एका मित्राला वापरायला दिला तर त्याने एफ१ दाबलं, मॅन्युअल उघडलं, मग बाहेर कसं यायचं ते कळेना म्हणून त्याने टर्मिनलच बंद केलं आणि वर मलाच विचारलं की क्रॅश होतो का रे हा.

तर प्रश्न असा की न शिकवता सुचतील असे शॉर्टकट कसे ठरवायचे? एच फॉर हेल्प, प्रश्नचिन्ह, एफ१, का अजून काही? ज्यांना जे आवडतं-खटकतं ते सगळं लिहा, धागा भरकटला तरी चालेल.

जुनी_फ्लॉपी

एफ१ म्हणजे हेल्प हे काही निसर्गनियम वगैरे नाहीये हो. डॉसच्या काळातला वर्डपरफेक्ट ५.१ आठवा, त्यात हेल्प एफ३ वर, एफ१ म्हणजे कॅन्सल आणि बाहेर पडायचं एफ७ ने. कीबोर्डच्या फंक्शन कीजवर ठेवायची एक पट्टी यायची त्याच्याबरोबर, ती हरवली की माणूस आंधळा. त्याच वेळी लोटस १-२-३ मध्ये मात्र एफ१ हेल्पच होतं. मग १९८७ मध्ये आयबीएमने कॉमन यूजर अ‍ॅक्सेस नावाची नियमावली काढली, तिच्यात एफ१ हेल्प आणि एफ३ एक्झिट असं लिहिलं, विंडोजने त्यातलं एफ१ उचललं आणि मग ते सगळीकडे झालं.

सांगायचा मुद्दा, 'सहज सुचणारं' म्हणजे बहुतेक वेळा 'आधी दुसरीकडे शिकलेलं' एवढंच असतं. एफ१ लोकांच्या बोटात बसलंय, त्याच्याशी भांडू नका. पण एफ२ ते एफ५ कुणाच्याच बोटात नाहीत, ते तुम्ही मनाने लावलेत, ते काढा. हेमावैम (हे माझं वैयक्तिक मत).

मिनीबफर

येणारच होतो या धाग्यावर :)

ईमॅक्स या जुन्या एडिटरने हे कोडं फार आधी सोडवलंय आणि लोक त्यातलं निम्मंच उचलतात. तिथे हेल्पसाठी एकच दार आहे, कंट्रोल-एच. एफ१ पण तेच दार उघडतं. ते दाबून नुसतं थांबायचं, मग एक अक्षर. के दाबलं तर पुढची जी की दाबाल तिची माहिती येते. डब्ल्यू दाबून कमांडचं नाव दिलं तर ती कुठल्या कीवर बसलीये ते सांगतो. एम म्हणजे आत्ताचा मोड, बी म्हणजे आत्ता चालू असलेली सगळी बाइंडिंग्ज (कुठल्या कीवर कुठलं काम ते), टी म्हणजे ट्युटोरियल, ए म्हणजे शब्दावरून कमांड शोधा. अक्षर आठवत नसेल तर कंट्रोल-एच परत दाबा, हेल्पचीच हेल्प येते. तुमचे पाचही स्क्रीन यात जसेच्या तसे बसतात बघा.

पण खरी गंमत पुढे आहे. ईमॅक्समध्ये बरेच शॉर्टकट दोन टप्प्यांचे असतात, आधी कंट्रोल-एक्स मग अजून काहीतरी. तर कंट्रोल-एक्स दाबलं आणि पुढचं विसरलात तर तिथेच, अर्ध्यात, कंट्रोल-एच दाबायचं. कंट्रोल-एक्सने सुरू होणारी सगळी यादी समोर. मला तरी वाटतं की हेल्पची खरी गरज नेमकी याच क्षणाला असते, माणूस आरामात बसून मॅन्युअल वाचतोय तेव्हा नसते. अर्ध्या शॉर्टकटमध्ये हेल्प चालली पाहिजे, बाकी अक्षरं कुठली ठेवता ते दुय्यम.

आणि एल विसरलोच. कंट्रोल-एच एल केलं की तुम्ही नुकत्याच दाबलेल्या कीजची यादी दाखवतो. 'मी आत्ता चुकून काय दाबलं की सगळं गायब झालं' याचं उत्तर. हे किती एडिटरमध्ये असतं सांगा.

रिकामी_ओळ

मिनीबफर, सगळं मान्य, पण टर्मिनलचं काय ते सांगा ना :) कंट्रोल-एच म्हणजे आस्कीतला (अक्षरांना नंबर देणारा तक्ता) ८ नंबरचा कोड आणि तो बॅकस्पेसचा आहे. काही टर्मिनल बॅकस्पेस दाबल्यावर ८ पाठवतात, काही १२७. जिथे ८ येतो तिथे ईमॅक्समध्ये एक अक्षर खोडायला गेलं की हेल्प उघडते. म्हणून तर normal-erase वाली सेटिंग शोधत पिढ्या गेल्या (नाव देवनागरीत लिहितो : नॉर्मल-इरेज-इज-बॅकस्पेस-मोड, हुश्श).

धागाकर्ते, तुमचा एडिटर टर्मिनलमध्ये चालणार असेल तर आधी कुठल्या कीज मुळात *मिळतात* ते कागदावर लिहून काढा. कंट्रोल-आय म्हणजे टॅब, कंट्रोल-एम म्हणजे एंटर, कंट्रोल आणि उघडा चौकोनी कंस म्हणजे एस्केप. हे वेगळे ओळखताच येत नाहीत कारण बाइट एकच येतो. कंट्रोल-? छान वाटतं ना हेल्पसाठी? ते बऱ्याच टर्मिनलांत १२७ पाठवतं, म्हणजे परत बॅकस्पेसच. कंट्रोल-/ बऱ्याच ठिकाणी ३१ पाठवतं, ईमॅक्सवाल्यांचं ते अनडू. कंट्रोल-एस जुन्या फ्लो कंट्रोलमुळे (येणारा मजकूर थांबवून ठेवायची सोय) स्क्रीन गोठवू शकतं. कंट्रोल-शिफ्ट-एच आणि कंट्रोल-एच यात जुन्या पद्धतीच्या टर्मिनलला फरकच कळत नाही. हल्ली किटी टर्मिनलचा कीबोर्ड प्रोटोकॉल आलाय, त्यात हे सगळं वेगवेगळं येतं, पण तो सगळ्यांकडे असेल असं धरून चालू नका.

आणि एफ१ सुद्धा गॅरंटीड नाही. लिनक्सवरच्या नोम टर्मिनलमध्ये एफ१ दाबलं की टर्मिनलची स्वतःची हेल्प उघडते, तुमच्या एडिटरपर्यंत की पोचतच नाही. लॅपटॉपवर एफएन लॉक असेल तर एफ१ ने आवाज बंद होतो नाहीतर स्क्रीनचा उजेड कमी होतो.

जुनी_फ्लॉपी

+१. म्हणून दोन दारं पाहिजेत, एक फंक्शन की आणि एक कंट्रोलवाली. एक अडलं तर दुसरं.

एस्केप_बहाद्दर

विम एडिटरवाला हजर.

आमच्याकडे कोलन-हेल्प. टाइप करायचं असतं म्हणून शॉर्टकट नाही म्हणाल, पण त्याचं एक सौंदर्य आहे, विषय तिथेच देता येतो आणि विषय लिहायची पद्धत ठरलेली आहे. नुसतं x लिहिलं... म्हणजे एक्स लिहिलं तर नॉर्मल मोडमधला एक्स. पुढे आय आणि अंडरस्कोर लावून कंट्रोल-आर लिहिलं तर इन्सर्ट मोडमधला कंट्रोल-आर. सी अंडरस्कोर लावलं तर कमांड लाईनमधला. ऑप्शनचं नाव सिंगल कोटमध्ये. एकच की तीन मोडमध्ये तीन कामं करते तेव्हा 'ही की काय करते' हा प्रश्नच अपुरा असतो, 'कुठल्या मोडमध्ये' हे विचारायलाच लागतं. तुमच्या एडिटरला मोड आहेत म्हणताय तर तुमच्या तिसऱ्या स्क्रीनने हे बघितलंच पाहिजे.

आता दुखणं. एफ१ विममध्येही हेल्प उघडतं आणि एफ१ बसलंय एस्केपच्या शेजारी. विम वापरणारा एस्केप किती वेळा दाबतो ते विचारू नका. बोट अर्धा सेंटिमीटर सरकलं की अर्धा स्क्रीन हेल्पने भरला. कित्येकांच्या सेटिंग फाईलमध्ये एफ१ चं एस्केप करून टाकलेलं सापडेल. म्हणजे 'सहज सापडणं' आणि 'चुकून लागणं' यात फरक किती, तर एवढाच.

हळूटंकक

मी प्रोग्रामर नाही, लेख लिहायला एडिटर वापरते, तेव्हा माझं मत बाजूला ठेवलंत तरी चालेल, पण मला तुमचे पाच स्क्रीन वाचूनच दमायला झालं. मॅन्युअल वेगळं, यादी वेगळी, की वरून काम वेगळं, कामावरून की वेगळं. ही विभागणी ज्याने एडिटर लिहिला त्याच्या डोक्यातली आहे. मला अडलंय एवढंच मला माहीत असतं, कुठल्या *प्रकारची* हेल्प हवीये ते आधी मीच ठरवायचं म्हणजे दवाखान्यात गेल्यावर पेशंटलाच विचारायचं की कुठल्या वॉर्डात जाणार तुम्ही.

मला पाहिजे एक की, एक खोका. त्यात मी लिहीन 'ओळ खोडा' आणि तो दाखवेल काय ते. बास.

ओळक्रमांक

हळूटंकक ताई, तुम्ही म्हणताय त्याला कमांड पॅलेट म्हणतात. सब्लाइम टेक्स्ट या एडिटरने ते लोकप्रिय केलं, आता व्हीएस कोडमध्ये कंट्रोल-शिफ्ट-पी, आणि मजा बघा, तिथे एफ१ दाबलं तरी मॅन्युअल येत नाही, पॅलेटच येतं. आयबीएमची नियमावली तिथे शांतपणे निकालात काढलीये आणि त्यावरून कुणी ओरडताना मी तरी पाहिलं नाही. कमांडच्या समोर उजवीकडे तिचा शॉर्टकट लिहिलेला असतो, त्यामुळे चार वेळा शोधून चालवलेली कमांड पाचव्यांदा हातातून थेट निघते. हेल्प वाचायला लागतच नाही, काम करता करता शिकणं होतं. हेलिक्स एडिटरमध्ये स्पेस आणि ? दाबलं की असंच पॅलेट.

मॅकमध्ये तर त्याच्याही पुढे, २००७ च्या लेपर्ड आवृत्तीपासून हेल्प मेनूच्या खोक्यात शब्द लिहिला की तो आयटम ज्या मेनूत आहे तो मेनू उघडून त्याच्याकडे बाण दाखवतात. म्हणजे उत्तर काय एवढंच नाही, उत्तर कुठे राहतं तेपण.

मिनीबफर

पॅलेट चांगलंच आहे, पण एक अडचण आहे, नाव माहीत पाहिजे. ताई 'ओळ खोडा' लिहितील आणि एडिटरमध्ये कमांडचं नाव 'किल लाईन' असेल तर बसा शोधत. ईमॅक्समध्ये कट म्हणजे किल आणि पेस्ट म्हणजे यँक, तर विममध्ये यँक म्हणजे कॉपी. नवीन माणसाने काय करायचं?

ओळक्रमांक

प्रत्येक कमांडला पाचसहा पर्यायी शब्द चिकटवायचे, शोध त्यातही व्हायचा, दाखवताना मात्र अधिकृत नाव दाखवायचं. डिलीट, रिमूव्ह, खोडा, पुसा, काढा, सगळं 'किल लाईन'वरच जाऊन आदळू दे. ही यादी एकट्याने बसून करू नका, लोकांनी शोधलं आणि काही सापडलं नाही असे शब्द (त्यांना विचारून) लोकल फाईलमध्ये साठवू द्या, त्यातूनच यादी तयार होते.

टॅबकीस्पेस

बापरे, एका दिवसात एवढं. सगळ्यांचे आभार, वाचतोय. पर्यायी शब्दांची कल्पना उचलली. टर्मिनलचं वाचून डोकं धरलंय.

एक प्रश्न, खाली कायमची पट्टी ठेवली तर? नॅनो एडिटरसारखी. मग शॉर्टकट सुचायची गरजच नाही, समोरच लिहिलेत.

रिकामी_ओळ

नॅनोचं ते सगळ्यात चांगलं काम आहे. खालच्या दोन ओळी, त्यात कंट्रोल-जी हेल्प हेही लिहिलेलं. बघा, जी चा हेल्पशी काही संबंध नाही, पिको एडिटरमध्ये 'गेट हेल्प' होतं त्यातला हा जी. ईमॅक्सवाल्याच्या हाताला तर कंट्रोल-जी म्हणजे 'सोड, रद्द कर'. तरी नॅनोत कुणी अडकत नाही कारण लिहिलेलं दिसतंय. ज्यांना पट्टी नको ते ऑल्ट-एक्स दाबून घालवतात आणि दोन ओळी वाचवतात. मायक्रो एडिटरनेही हेल्पला कंट्रोल-जी च ठेवलंय, पट्टी ऑल्ट-जी ने येते-जाते.

अजून एक बारीक गोष्ट. नॅनोत हेल्पमध्ये गेलात की खालची पट्टी बदलते, त्या स्क्रीनवर चालणाऱ्या कीज दाखवते, आणि बाहेर यायला कंट्रोल-एक्सच, म्हणजे एडिटरमधून बाहेर पडायला जी की तीच. तुमचा मित्र तिथे अडकला नसता.

जुनी_फ्लॉपी

पट्टीवरून वर्डस्टार आठवला. १९७८ चा प्रोग्राम, पण हेल्पच्या बाबतीत आजच्या निम्म्या एडिटरना ऐकत नाही. कंट्रोल-के दाबलं की ब्लॉक आणि सेव्हची कामं सुरू होतात. कंट्रोल-के एस असं झटकन दाबलं तर फाईल सेव्ह, स्क्रीनवर काही हलत नाही. पण कंट्रोल-के दाबून रेंगाळलात, की त्याला कळतं हा अडकलाय, मेनू वर उतरतो. माहितगाराच्या मध्ये येत नाही आणि नवख्याला सोडत नाही. वर कंट्रोल-जे एच ने हेल्पची पातळी ठरवायची, ३ म्हणजे सगळे मेनू दाखव, ० म्हणजे गप्प बस.

त्याच्याच वळणाचा जो एडिटर आहे (नावच जो), त्यात कंट्रोल-के एच ने हेल्प वरच्या भागात उघडते आणि *उघडीच राहते*, खाली तुम्ही लिहीत राहता. बघत बघत करता येतं. पूर्ण स्क्रीन झाकणाऱ्या हेल्पमध्ये तीन कीज लक्षात ठेवा, बाहेर या, दोन विसरा, परत आत जा, असलं चालतं.

मिनीबफर

हेच आता व्हिच-की नावाने ईमॅक्समध्ये आहे, आधी वेगळं पॅकेज होतं, आवृत्ती ३० पासून आतच आलं. अर्धा शॉर्टकट दाबून थांबलात की पुढच्या कीज खाली उमटतात. थांबायचा वेळ मूळ सेटिंगला एक सेकंद आहे. मी तो कमी केला नाही मुद्दाम, कारण कमी केला की हात जरा रेंगाळला तरी खाली काहीतरी लुकलुकतं आणि नजर उडते. पण नवख्यासाठी एक सेकंद जास्त आहे, तो तेवढ्यात घाबरून एस्केप मारतो. सेटिंग द्या आणि पहिल्यांदा कमी ठेवा.

अक्षरश्रोता

मी स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम) वापरतो, त्या बाजूने दोन शब्द.

आपोआप येणारे आणि आपोआप जाणारे खोके माझ्यासाठी जवळपास नसल्यातच जमा. रीडर वाचायला सुरुवात करतो तोवर खोका गेला. किंवा तो स्क्रीनवर नुसता रंगवलेला असतो, त्यात कर्सर नेता येत नाही, मग ओळ-ओळ ऐकणार कशी. हेल्प ही साधी फाईलसारखी उघडा, जिच्यात बाण की चालतात, शोध चालतो, कॉपी चालतं. रेंगाळल्यावर येणारा मेनू ठेवा जरूर, पण तोच मजकूर एक की दाबून स्थिर उघडता आला पाहिजे.

दुसरं, नुसतं ? दाबून हेल्प उघडायची सवय वेब अ‍ॅप्सनी लावलीये. एडिटरमध्ये लिहिताना ती चालणारच नाही हे उघड आहे, पण फाईल-यादी वगैरे स्क्रीनवर ठेवायचा मोह होईल. एका अक्षराचे शॉर्टकट आवाजी टायपिंग करणाऱ्यांच्या अंगावर येतात, बोललेला शब्द कमांड होऊन बसतो. वेबसाठीच्या डब्ल्यूसीएजी २.१ या नियमांत (२०१८) २.१.४ हे कलम त्यासाठीच घातलंय, असे शॉर्टकट बंद करता किंवा बदलता आले पाहिजेत, नाहीतर तो भाग फोकसमध्ये असतानाच चालले पाहिजेत. तुमचा एडिटर वेब नाही, पण नियम घ्यायला हरकत नाही.

एस्केप_बहाद्दर

चांगला मुद्दा, हे डोक्यात आलं नव्हतं.

ओळक्रमांक

कीबोर्ड लेआउटचं कुणी बोललंच नाही अजून. ? आणि / या कीज सगळीकडे एकाच जागी नसतात. जर्मन लेआउटवर / म्हणजे शिफ्ट-७, त्यामुळे कंट्रोल-/ हा शॉर्टकट तिथे तीन बोटांचा होतो. फ्रेंचवर ? स्वल्पविरामाच्या कीवर, शिफ्टबरोबर. मॅकवर कमांड-एच म्हणजे अ‍ॅप लपवा. विंडोजच्या बऱ्याच एडिटरमध्ये कंट्रोल-एच म्हणजे शोधा-आणि-बदला. म्हणजे एच फॉर हेल्प कागदावर छान, प्रत्यक्षात ती जागा तीन वेगवेगळ्या भाडेकरूंनी आधीच घेतलीये.

आणि आपण जे देवनागरी टाइप करतो त्याचं? इनस्क्रिप्ट लेआउट चालू असताना एच च्या कीवर प असतो. ज्या एडिटरला कीऐवजी थेट अक्षर मिळतं त्याला कंट्रोल-एच न दिसता कंट्रोल-प दिसतं, आणि कंट्रोल-प ला काहीच लावलेलं नसतं. लिनक्सवर ईमॅक्समध्ये बाहेरून लेआउट बदलला तर हा प्रकार होतो, त्याची स्वतःची इनपुट मेथड कंट्रोल-\ ने चालू केली तर होत नाही. विममध्ये यासाठी लँगमॅप ऑप्शन आहे. रशियन, ग्रीक सगळ्यांना हेच भोगावं लागतं. विंडोवाल्या आवृत्तीत तरी अक्षर न बघता की ची जागा बघा. आणि इथे एफ१ जिंकतं बघा, ते कुठल्याही लेआउटमध्ये एफ१ च राहतं.

हळूटंकक

हे माझ्या बाबतीत होतं!! मराठीत लिहिता लिहिता शॉर्टकट दाबला की काहीच होत नाही, इंग्रजीवर आणलं की चालतो. मला वाटायचं लॅपटॉपच खराब आहे.

टॅबकीस्पेस

बरं, सगळं चाळून नवीन आराखडा टाकतोय, फाडा.

एफ१ आणि कंट्रोल-जी, दोन्ही एकच दार. दाबलं की खाली एक ओळ उघडते, कर्सर तिच्यात, लिहिलं की शोध सुरू (नावं, पर्यायी शब्द, मॅन्युअलची शीर्षकं, सगळं एकत्र), समोर शॉर्टकट. काहीच न लिहिता तीच की परत दाबली तर आत्ताच्या मोडचं हेल्प पान. त्या ओळीत असताना एखादा शॉर्टकट *दाबला*, म्हणजे कंट्रोल किंवा ऑल्टवालं काही, तर ती की काय करते ते सांगतो, त्या मोडसकट. अर्धा शॉर्टकट दाबून एफ१ दाबलं तर पुढच्या शक्यता, रेंगाळलं तरी त्याच, पण एफ१ ने उघडलेली यादी स्थिर राहते, अक्षरश्रोता म्हणाले तशी. एफ२ ते एफ५ मोकळे. टर्मिनलमध्ये खाली नेहमी एक ओळ, 'हेल्प एफ१ किंवा कंट्रोल-जी', ती घालवता येते.

हेल्प पान बंद करायला क्यू किंवा एस्केप, दोन्ही.

मिनीबफर

आवडलं. मी इतकी वर्षं स्वतंत्र अक्षरांची बाजू लढवतोय पण खोक्यात शॉर्टकट दाबला तर त्याचंच उत्तर, हे त्याहून सरळ आहे. फक्त कंट्रोल-सी, कंट्रोल-व्ही चं काय ते ठरवा, कुणीतरी त्या खोक्यात पेस्ट करायला जाईल आणि तुम्ही त्याला पेस्टची व्याख्या सांगाल.

क्यू बद्दल सावध. ईमॅक्समध्ये हेल्प शेजारच्या खिडकीत उघडते पण कर्सर मात्र तुमच्याच फाईलमध्ये राहतो, तो तिकडे न्यायची सेटिंग आहे पण मुळात बंद असते. माणूस 'क्यू ने बंद' वाचतो, क्यू दाबतो आणि फाईलमध्ये एक q उमटतो, म्हणजे क्यू. ते नंतर सापडतं, बहुतेक चुकीच्या माणसाला. पान उघडलं की कर्सर पानात गेलाच पाहिजे, आणि बंद केल्यावर जिथे होता तिथेच, स्क्रोलसुद्धा न हलता.

एस्केप_बहाद्दर

आणि मागे जाणं? एका पानावरून दुसऱ्या पानावर लिंकने गेलो की परत यायला काहीतरी लागतं. विममध्ये कंट्रोल आणि बंद चौकोनी कंसाने आत, कंट्रोल-ओ किंवा कंट्रोल-टी ने मागे. माहीत झालं की सुसाट, पण कुणाला आपणहून सुचेल अशी काडीचीही शक्यता नाही. एंटरने आत आणि बॅकस्पेसने मागे ठेवा, वाचायच्या पानावर बॅकस्पेसला तसंही दुसरं काम नाही.

जुनी_फ्लॉपी

एक महत्त्वाचं राहिलं. कुणी शॉर्टकट बदलला तर हेल्पमध्ये काय दिसणार? पानात 'कंट्रोल-के दाबा' असं हाताने लिहून ठेवलं असेल तर ती हेल्प पहिल्याच दिवशी खोटं बोलायला लागते. ईमॅक्समध्ये मजकुरात कीचं नाव लिहितच नाहीत, कमांडचं नाव एका खुणेत लिहितात आणि दाखवताना त्या क्षणी जी की लावलेली असेल ती भरली जाते. विमचं हेल्प छापील पुस्तकासारखं, मूळ सेटिंगच सांगणार, तुम्ही काय बदललंय ते बघायला कोलन-व्हर्बोज-मॅप वेगळं, ते मात्र कुठल्या फाईलमध्ये बदललं तेपण सांगतं. तुम्ही पहिल्यापासून खुणेचीच पद्धत ठेवा, नंतर शंभर पानं बदलत बसावं लागेल.

टॅबकीस्पेस

खुणेची पद्धत आजच घातली, तासाभराचं काम निघालं. बॅकस्पेसने मागे हेही घातलं. खोक्यात पेस्ट चालू ठेवलं, बाकी शॉर्टकटना उत्तर.

आता नवीन लफडं. टर्मिनलमध्ये एस्केपने पान बंद होतं पण लगेच नाही, बरोबर सेकंदभर विचार करतं. क्यू ने लगेच होतं. लोक दोनदा एस्केप मारतात आणि दुसरा एस्केप खालच्या एडिटरला लागतो. एनकर्सेस (टर्मिनलचा स्क्रीन आणि कीज सांभाळणारी लायब्ररी) वापरतोय.

रिकामी_ओळ

अपेक्षितच होतं. बाण कीज, फंक्शन कीज वगैरे टर्मिनलमधून एस्केपनेच सुरू होणाऱ्या बाइट्सच्या माळेसारख्या येतात. नुसता एस्केप आला की एनकर्सेस वाट बघतं, अजून काही येतंय का, आणि ती वाट मुळात १००० मिलिसेकंद आहे. एस्कडिले नावाचं व्हेरिएबल आहे, ते २५ वर आणा. अगदी शून्य नको. हळू एसएसएचवर (नेटवरून दूरच्या मशीनवर काम करताना) माळ तुटून आली तर बाण दाबल्यावर पान बंद होईल आणि मागे दोन फालतू अक्षरं फाईलमध्ये पडतील, म्हणून सेटिंगमध्ये बाहेर काढून ठेवा.

टॅबकीस्पेस

२५ ठेवलं, लगेच बंद होतंय. सेटिंगही बाहेर काढली, आणि तिला पर्यायी शब्द लावलेत : 'एस्केप', 'उशीर', 'हळू बंद होतं'. टर्मिनलवाली आवृत्ती रविवारी टाकतो, ज्यांच्याकडे नोम टर्मिनल आहे त्यांनी कंट्रोल-जी तेवढं नक्की तपासा.

हळूटंकक

माझ्याकडे विंडोज आहे, विंडोवाली कधी?